नागपूरच्या उन्हाळ्यात लस नेताना: उन्हापासून जपा, पण गोठवू नका

नवतपात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कुही, भिवापूर किंवा पारशिवनीच्या उपकेंद्रावर लस पोचवायची असली की सगळ्यांना एकच धास्ती असते, लस तापेल. त्या धास्तीपोटी डीप फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक जसेच्या तसे कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, भरले जातात आणि लस तिथेच गोठते. बाटलीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) फक्त उष्णतेची नोंद ठेवतो, गोठल्याची नाही. त्यामुळे निकामी झालेली पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) बाळाला टोचली जाते आणि ते कुणालाच कळत नाही.

कोणत्या लसीला कशाचं भय आहे, हे ती कशी बनली त्यावरून लक्षात राहतं. पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला, बीसीजी यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. उष्णतेने ते मरतात. देवीच्या लसीचं हेच झालं होतं. युरोपातून निघालेली लस वाटेतच मरायची. शेवटी बगदाद-बसरामार्गे ती मुंबईला जिवंत पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशीच ती पसरवली, कारण माणसाचं अंग हीच तेव्हाची शीतसाखळी, म्हणजे लस टिकवून पोचवण्याची व्यवस्था, होती. १९५०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ लेस्ली कॉलियर यांनी ती गोठवून वाळवण्याची भरवशाची पद्धत बसवली, म्हणून तिची पूड उष्ण देशांतही टिकली. बीसीजी आणि गोवर-रुबेला आजही पुडीच्याच रूपात येतात.

पेंटा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), हेपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूवरची) यांची गोष्ट उलटी. १९२६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्लेनी यांनी दाखवलं की तुरटीबरोबर दिलेलं घटसर्पाचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं जंतूचं विष) जास्त जोरकस काम करतं. तेव्हापासून अशा लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की या क्षारांच्या बारीक कणांच्या गुठळ्या होतात, त्यांची रचना मोडते, आणि वितळल्यावर ती पुन्हा जुळत नाही. हेपॅटायटिस बी तर शून्याच्या किंचित खालीच गोठते.

तयारी आदल्या दिवशीच करा. आइसपॅकमध्ये खुणेपर्यंतच साधं पाणी भरा. बर्फ फुगतो, काठोकाठ भरलेला पॅक फुटतो. मीठ टाकू नका, त्याने पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहतं आणि शेजारची लस गोठवतं. झाकण लावून पॅक उलटा धरा, दाबा, गळतो का पाहा. नीट गोठायला २४ तास द्या. डायल्युअंट (पूड विरघळवायचं द्रव) हेही २४ तास आधीच आयएलआरच्या, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेल्या लसींच्या फ्रीजच्या, टोपलीत ठेवा. गरम डायल्युअंट घातलं तर गोवर-रुबेलातला जिवंत विषाणू मरू शकतो.

सकाळचं खरं काम आइसपॅक कंडिशन करण्याचं, म्हणजे आतला बर्फ थोडा वितळू देण्याचं. पॅक टेबलावर एकेरी ओळीत, एकमेकांना न चिकटवता मांडा. पृष्ठभागाला घाम फुटतो. मग पॅक कानाशी धरून हलवा. आत बर्फ पाण्यात हलल्याचा आवाज आला की पॅक तयार. घड्याळावर विसंबू नका. मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत हे लवकर होतं, जानेवारीच्या थंडीत तासभरही लागू शकतो. घाईत पॅक उन्हात ठेवणं किंवा नळाखाली धरणं नकोच, कारण बाहेरून वितळल्यासारखा दिसला तरी आतला गाभा तसाच राहतो.

पॅक कोरडे पुसा, चारही पॅक कॅरियरच्या चार भिंतींना लावा. बाटल्या आणि डायल्युअंट झिपच्या पिशवीत घालून मधोमध ठेवा. ओल्याने लेबल निघालं तर ती बाटली वापरता येत नाही. वर फोम पॅड, मग झाकण घट्ट. कॅरियर मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवू नका.

सत्राच्या जागी कॅरियर सावलीत ठेवा आणि झाकण गरजेपुरतंच उघडा. वापरात असलेली बाटली फोम पॅडच्या खाचेत उभी करा. प्रत्येक बाटली उघडण्याआधी व्हीव्हीएम पाहा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच वापरा. रंग सारखा झाला किंवा गडद झाला तर बाटली बाद. एकदा गडद झालेला चौकोन पुन्हा थंड केल्याने फिका होत नाही.

पूड मिसळताना त्याच कंपनीचं डायल्युअंट घ्या आणि वेळ बाटलीवर लिहा. बीसीजी आणि गोवर-रुबेला मिसळल्यावर ४ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायची. त्यांत जंतुरोधक नसतो. या नियमात कुणालाही सूट नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगच्या लसीच्या एकाच दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने गेले होते.

गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट करा. ती फक्त ॲल्युमिनियम असलेल्या लसींसाठी आहे, आयपीव्हीसाठी (टोचायच्या पोलिओ लसीसाठी) नाही. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली घ्या, तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नये’ असं लिहा आणि डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण घट्ट होऊ द्या. मग ती खोलीत वितळवा. ती आणि संशयित बाटली एकाच हातात धरून १०-१५ सेकंद जोरात हलवा, शेजारी ठेवा आणि ३० मिनिटांपर्यंत पाहा. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर ती टाका. हळू बसला तर ठीक. मात्र जी बाटली घट्ट बर्फ झालेली डोळ्यांनी दिसली, तिची परीक्षा कसली घेता? ती थेट बाद.

दुपारी वीज गेली तर आयएलआरचं झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरा. बंद असलेला आयएलआर आतल्या बर्फाच्या अस्तरावर बराच वेळ तग धरतो. तापमान ८ अंशांच्या वर जाऊ लागलं तर लस कोल्ड बॉक्समध्ये (कॅरियरसारख्याच मोठ्या पेटीत) हलवा, आणि तिथेही कंडिशन केलेलेच पॅक वापरा. खासगी दवाखान्यात घरगुती फ्रीज असेल तर लस मधल्या फळीवर ठेवा, दारात नाही आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नाही. दारात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावर थंडावा टिकतो.

संध्याकाळी परत आलेल्या उघड्या पेंटा, डीपीटी, टीडीच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख असेल, व्हीव्हीएम ठीक असेल आणि त्या २ ते ८ अंशांतच राहिल्या असतील, तर २८ दिवसांपर्यंत चालतात. त्यांची वेगळी खोकी करून आयएलआरच्या टोपलीत समोर ठेवा, पुढच्या सत्राला त्याच आधी निघतील. कॅरियर धुवून, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा. बंद ठेवला तर आत बुरशी धरते.