एखाद्या पंथावर शिक्का बसलाय, तो कसा तपासायचा?

कुणी म्हणालं ना "ते लोक वेगळेच आहेत, जरा जपून", तर आधी विचारा की हे बोलतंय कोण? पंथातला माणूस, सोडून आलेला, की ज्याने त्यांच्यातला एकही माणूस जवळून बघितला नाही तो?

आपलंच उदाहरण घ्या, महानुभाव पंथ. १३व्या शतकात चक्रधर स्वामींनी सुरू केला, बायकांना संन्यास दिला, जातपात बघितली नाही, संस्कृत सोडून मराठीत बोलले, आणि पंथाने पुढे पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. आता बाहेरच्याला ती पोथी उघडली तर अक्षरं मराठीसारखी पण वाचता काहीच येत नाही, मग संशय येणारच ना. त्यात काळे कपडे, इतर देवांची पूजा नाही. झालं, "मानभाव" ही शिवी झाली आणि "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची" ही म्हण आजही लोक सर्रास वापरतात, आणि ती कुणाबद्दल? तर अहिंसा कडक पाळणाऱ्यांबद्दल! मला हे खरंच टोचतं.

म्हणून दुसरी गोष्ट, "वेगळे" आणि "घातक" या दोन वेगळ्या वह्या ठेवा. कपडे, लिपी, देव हे पहिल्या वहीत. दुसऱ्या वहीत फक्त वागणूक लिहा: पैसे उकळतात का, घरच्यांशी संबंध तोडायला लावतात का, सोडून जाणाऱ्याला धमकी देतात का, पोरांना मारतात का. दुसरी वही भरली तर गप्प बसू नका, पंथ कितीही जुना आणि मानाचा असला तरी.

आणि शक्य असेल तर रिद्धपूरला, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या महानुभावांच्या तीर्थक्षेत्री, एकदा जाऊन या, तिथल्या माणसांशी स्वतः बोला.