शाळेचं भित्तिपत्रक: सुविचार उतरवा, बातमी चढवा

बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात एक फळा असतो. वर ऑइलपेंटने 'भित्तिपत्रक' लिहिलेलं. खाली 'झाडे लावा झाडे जगवा', मोबाइलवरून उतरवलेली कुणाची तरी जयंतीची माहिती, आणि ऑगस्टमध्ये लावलेला तिरंगा, जो जानेवारीत परत कामाला येतो म्हणून कुणी काढत नाही. मुलं दिवसातून दहा वेळा त्याच्यापुढून जातात आणि एकदाही थांबत नाहीत. थांबतील कशाला? तिथं त्यांना माहीत नसलेलं काही नसतंच.

मी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मराठी शिकवते. शाळा तापी आणि सातपुड्याच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात. गावातली मुलं, एसटीने येणारी मुलं, पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा मुलं, असा सगळा मेळ. आमच्या फळ्यापुढे शनिवारी ढकलाढकली होते. तो कसा चालवायचा ते सांगते, म्हणजे तुमच्या शाळेतही होईल.

आधी जागा. मुख्याध्यापकांच्या ऑफिससमोरची भिंत नको, तिथून मुलं मान खाली घालून सटकतात. पाण्याच्या टाकीजवळची किंवा सायकली लावतात तिथली भिंत बघा, जिथं मुलं आपसूक रेंगाळतात. फळ्याचा मधला भाग पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे. तो मास्तरांच्या उंचीला लावला तर मास्तरच वाचतील. दुपारनंतर ऊन येणारी भिंत आपल्याकडे कामाचीच नाही. मार्च लागला की स्केचपेनचा रंग उडतो आणि सेलोटेप वाळून गळून पडते. काळं बॉलपेन आणि टाचण्या, बस. मोठ्या कार्डशीटवर किनार वगैरे काढून सगळं एकदम लिहायला बसू नका. एक बातमी एका अर्ध्या फुलस्केपवर. चुकली तर तेवढीच काढता येते, नवी आली तर तेवढीच लावता येते. फुलस्केपचा एक दस्ता आणि टाचण्यांची डबी एवढ्यात सत्र निघतं.

आता माणसं. इथं बरेच शिक्षक वर्गातली पहिल्या पाचातली, मोत्यासारख्या अक्षराची मुलं उचलतात. ती मुलं लेखनिक म्हणून उत्तम. बातमीदार मात्र वेगळा लागतो. मधल्या सुट्टीत जो कुठंच सापडत नाही, कुणाची सायकल पंक्चर झाली, कोणत्या सरांची बदली होणार, आज खिचडीत वाटाणा आहे की मटकी, हे ज्याला सगळ्यांच्या आधी कळतं, तो तुमचा बातमीदार. तो बहुधा शेवटच्या बाकावर असतो आणि त्याच्या निबंधाला दहापैकी तीन मिळालेले असतात. त्याला सांगायला लावा, लिहील दुसरं कुणीतरी. एक तपासनीस ठेवा, शक्यतो भांडखोर मुलगी. तिचं काम एकच: प्रत्येक बातमीला 'तुला कोणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस का?' असं विचारायचं आणि नावांचं शुद्धलेखन ज्याचं नाव त्यालाच विचारून घ्यायचं. आडनाव चुकीचं छापलं की त्या घरातलं कुणी पुन्हा तुमच्या फळ्याकडे बघत नाही. आठवी-नववीची मुलं मुख्य धरा, पाचवी-सहावीतलं प्रत्येकी एक घ्या. दहावीला हात लावू नका, पालक भांडायला येतात, आणि त्यांचंही खरं असतं.

वेळापत्रक सैल ठेवा पण वार पक्का ठेवा. सोमवारी परिपाठ झाल्यावर पाच मिनिटं उभ्या-उभ्या बैठक: कोणाकडे काय आहे, कोण कुणाला भेटणार. गुरुवारपर्यंत लिहून आणायचं, शुक्रवारी तपासणी, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा लावायचं. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र कुणाकडून काही अपेक्षू नका.

लिहिण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. मुलांच्या डोक्यात बातमीची एक भाषा बसलेली असते आणि ती आपणच, म्हणजे शाळेच्या अहवालांनी, बसवलेली असते. एका मुलाने आणलेली बातमी अशी होती: 'आमच्या शाळेच्या मुलींनी तालुकास्तरीय कबड्डी स्पर्धेत उत्स्फूर्त सहभाग नोंदवला. सदर स्पर्धा अत्यंत उत्साहात व खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली.'

मी विचारलं, जिंकल्या का?

'नाही मॅडम, सेमीफायनलला गेल्या. दोन पॉइंटने. शेवटची रेड कॅप्टनची होती, तिने बोनस घेतला पण परत येताना धरली.'

'कुठं धरली?'

त्याने जमिनीवर चपलेने रेषा ओढली आणि हात ठेवून दाखवलं, इथं, एवढंच राहिलं होतं.

'मग हे का नाही लिहिलंस?'

'हरल्याचं लिहायचं का मॅडम?'

फळ्यावर शेवटी हे लागलं: 'तालुक्याच्या कबड्डीत आपल्या १७ वर्षांखालील मुली सेमीफायनलला दोन पॉइंटने हरल्या. शेवटच्या रेडमध्ये कॅप्टनने बोनस घेतला, पण परतताना मधल्या रेषेच्या हातभर अलीकडे ती पकडली गेली. मैदानावर खडी होती, दोघींचे गुडघे सोलले. सोमवारपासून पुन्हा प्रॅक्टिस.' त्या मुली स्वतः येऊन वाचून गेल्या, आणि रेषेपासूनचं अंतर हातभर होतं की वीतभर, यावर दोन दिवस वाद चालला. बातमी लागली की असं होतं.

तर मुलांना व्याख्या शिकवत बसू नका. तोंडी सांगायला लावा आणि जे सांगितलं तेच लिहायला लावा. 'संपन्न', 'उत्स्फूर्त', 'मान्यवरांच्या शुभहस्ते', 'सदर' हे शब्द आमच्या फळ्यावर बंद आहेत. माणूस बोलला तसं त्याचं बोलणं ठेवायचं. अहिराणी बोलला तर अहिराणी, पावरी बोलला तर पावरी, आणि वर्गातल्या कुणाला कळलं नाही तर खाली मराठीत अर्थ. पाड्यावरच्या मुलांनी पहिल्यांदा फळ्यापुढे थांबायला सुरुवात केली ती भोंगऱ्या बाजारावरच्या बातमीने. होळीच्या आधीचा तो बाजार त्यांच्या घरचा, ढोल त्यांच्या घरचे. ती बातमी त्यांनीच आणली आणि वाक्यं त्यांचीच ठेवली.

मग प्रश्न येतो शाळेत जे बिघडलंय त्याचा. मुलं तेच आधी आणणार. आमच्याकडे आलं: मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं. ही बातमी दाबलीत तर फळा संपला, आणि जशीच्या तशी लावलीत तर दुसऱ्या दिवशी फळाच उतरवला जाईल. मधली वाट कष्टाची आहे. आधी मुलींनी आठवडाभर सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना नळ सोडून पाहिला आणि वहीत मांडलं. सकाळी कोरडा, दुपारनंतर चालू. मग खिचडी करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'पानी दुपारले येस. तवलोंग पोरेस्नी काय करानं?' म्हणजे पाणी दुपारी येतं, तोपर्यंत पोरांनी काय करायचं? हे वाक्य तसंच अहिराणीत लावलं. मग गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारलं, तर त्याच्या वाटणीत शाळेची लाइन सगळ्यात शेवटी होती, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मुख्याध्यापकांना विचारलं आणि त्यांचं उत्तर तारखेसह लिहून घेतलं. बातमीत कुणाला दोष नव्हता. काय दिसलं, कोण काय म्हणालं, एवढंच. पुढच्या शनिवारी त्याच जागी 'काय झालं?' अशी चिठ्ठी, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. नळाला सकाळी पाणी आल्यावरच चिठ्ठी काढली. ही 'काय झालं?' चिठ्ठी विसरू नका. निम्मं काम तीच करते.

मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्या: शुक्रवारी ते सगळं वाचतील, चूक असेल तर दाखवतील, पण 'बरं दिसत नाही' एवढ्यावरून काही काढणार नाहीत. बहुतेक मुख्याध्यापक ऐकतात. त्यांचं उत्तर फळ्यावर लागणार हे कळलं की जरा जास्तच ऐकतात.

काय लावायचं नाही, याचे नियम मात्र कडक ठेवा. कोण नापास, कुणाला किती मार्क, कुणाला शिक्षा झाली, कुणाची चिठ्ठी कुणाच्या दप्तरात सापडली, कुणाची शिष्यवृत्ती कोणत्या प्रवर्गातून आली: यातलं काहीही नाही. कुणाच्या घरात आत्महत्या झाली असेल तर एक ओळही नाही. एखाद्या मुलावर अत्याचार झाला असेल, एखादा मुलगा पोलिसांच्या प्रकरणात सापडला असेल, तर त्याची ओळख कळेल असं काही प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कायद्याचं सोडा, त्या पोराला उद्या याच व्हरांड्यातून यायचंय.

आणि एक गोष्ट होणारच, तयारीत राहा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला एखादी बातमीदार हळूच येऊन सांगेल की अमुकीचं लग्न ठरलंय. मुलगी नववीत. ती बातमी फळ्याची नाही, तुमची आहे. मुलीला कुजबुजीतून बाहेर ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा. सांगणारीचं नाव कुणालाही कळता कामा नये.

सदरं थोडीच ठेवा. सगळ्यात जास्त वाचलं जातं ते 'हरवले-सापडले', याबद्दल मनात शंका बाळगू नका. त्याच्या खालोखाल केळीचा भाव. घरी रोज त्यावरच बोलणं असतं, मुलं तो आणतातच, आणि मुलांना सोडायला आलेले बापही थांबून वाचतात. एसटीच्या वेळा बदलल्या तर ती पहिली बातमी. पास काढून येणाऱ्या मुलींचा अख्खा दिवस त्या वेळेवर टांगलेला असतो. सकाळची शाळा सुरू झाली की प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या, सावलीत टांगा, आणि शाळा सुटतानाचं तापमान रोज लिहा. एप्रिलमध्ये आकडा चाळिशीच्या पार जायला लागला की मुलं पैजा लावतात, त्याकडे दुर्लक्ष करा.

ऑफिसच्या नोटिसा तशाच उतरवून लावू नका, त्यांची बातमी करा. उदाहरणार्थ एनएमएमएस, म्हणजे आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. नोटीस असते पानभर आणि मुलांच्या डोक्यावरून जाते. बातमी अशी हवी: 'आठवीच्या मुलांनो, ही परीक्षा पास होऊन यादीत आलात तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो लगेच मिळत नाही, तर वडिलांना याच आठवड्यात सेतूत पाठवा.' शेवटचं वाक्य नोटिशीत कधीच नसतं.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला मुलं शेतात जातात आणि हजेरी घसरते. हे लिहायचं का? लिहायचं, पण नावं न घालता आणि टोमणा न मारता. आमच्या एका बातमीदाराने स्वतः वेचणीला गेलेल्या दिवसाचं लिहिलं: पहाटे किती वाजता निघालो, किती किलो भरला, किलोला काय मिळालं, बोंडाच्या टोकांनी बोटं कशी चिरतात. त्याच्याखाली त्या आठवड्यात गणितात काय शिकवलं ते लावलं आणि कुणाची वही मिळेल तेही. गैरहजर मुलांना याचाच उपयोग झाला.

आपल्या खानदेशात हे काही नवं खूळ नाही. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. दैनिक, साप्ताहिक नव्हे. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. गुरुजींनी स्वतः लिहिलं ते गुरुजी होते म्हणून. तुम्हाआम्हाला माझा सल्ला उलटा आहे. फळ्यावर शिक्षकाच्या अक्षरातला एकही कागद नको. एकदा तुमचं अक्षर दिसलं की मुलं पुढच्या वेळी तुमच्यासारखं लिहायला जातात, आणि 'सदर' परत येतं.

६ जानेवारीला पत्रकार दिन असतो; बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली त्या दिवशी निघालं. तालुक्याच्या एखाद्या वार्ताहराला बोलवा, पण भाषणाला नको. खुर्चीवर बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. प्रश्न आधी तुम्ही तपासू नका. आमच्याकडे सहावीतल्या मुलीने विचारलं, 'बातमी खोटी निघाली तर तुम्ही काय करता?' पाहुणे जरा थबकले, मग खरं उत्तर दिलं.

उतरवलेले कागद फेकू नका. पंच करून फाइलला लावा, वर तारीख घाला, ग्रंथालयात ठेवा. जूनमध्ये नवे बातमीदार निवडाल तेव्हा जुन्यांपैकी दोघांना तरी महिनाभर सोबत ठेवा, आणि पहिल्याच सोमवारी नव्यांना ती फाइल हातात देऊन एक काम द्या: गेल्या वर्षीच्या कोणत्या 'काय झालं?'चं उत्तर अजून आलेलं नाही, ते शोधून आणा.