रविवारी नाशिकमध्ये मिसळीची चांगली जागा कशी शोधायची

मुंबई-पुण्याचे नातेवाईक शनिवारी रात्री येऊन धडकले की पहिला प्रश्न हाच, उद्या ब्रंचला कुठे जायचं. नाशिकमध्ये ब्रंच म्हणजे मिसळच, साडेनऊ-दहाला खाल्ली की डायरेक्ट चार वाजता चहा, मधल्या जेवणाचं कोणी नावही काढत नाही. पण फोनवर "बेस्ट मिसळ नाशिक" टाकलं की इतकी नावं येतात की माणूस कुठलंतरी पहिलंच उघडून निघतो, आणि तिथेच फसतो. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा अशीच फसले होते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढते.

तेव्हा फोटो बघून, हजारो रिव्ह्यू बघून एका मोठ्या ठिकाणी गेलो (नाव नाही घेत). सव्वा तास नंबरला उभे, सासूबाईंना बसायला साधी खुर्ची नाही, आणि आत गेल्यावर रस्सा आला तो कोमट. पोरांनी पापडच खाल्ले. तेव्हापासून मी स्टार बघत नाही, फक्त नवीन रिव्ह्यू लावते, तेही गेल्या महिना दोन महिन्यातले, आणि त्यात शनिवार-रविवारी गेलेल्यांनी काय लिहिलंय तेवढंच वाचते. मंगळवारी छान असणारी जागा रविवारी छान असेलच असं नाही, कारण गर्दी वाढली की रस्सा वाढवायला पाणी पडतं.

पण खरी खूण सांगू का, डबा. सकाळी आठ-साडेआठला त्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा आणि बघा, स्टीलचा डबा नाहीतर किटली घेऊन रस्सा न्यायला आजूबाजूची माणसं येतात का. आमच्या घरामागे एक छोटं दुकान आहे, चार टेबलं, तिथे दर रविवारी एक आजोबा पिशवीतून दोन डबे काढतात, एकात मटकी, एकात रस्सा, आणि मालक न विचारता वरची तर्री त्यांच्यासाठी बाजूला करून खालचा रस्सा भरतो, कारण त्यांना तिखट चालत नाही हे त्याला माहितीये. अशा जागी मी डोळे मिटून जाते. जिथे फक्त बाहेरगावच्या नंबरच्या गाड्या उभ्या असतात तिथे जरा विचार करते.

आता ताटात काय बघायचं. आधी मटकी. मोड छोटे, दाणा शिजलेला पण अख्खा, बोटाने दाबला की मऊ लागला पाहिजे, लगदा झालेला नको. मग शेव-फरसाण नुसतं तोंडात टाकून बघा, खवट वास आला तर पुढे काहीच बोलायचं नाही, तेल जुनं आहे. रस्सा वेगळ्या वाटीत येतो, त्यावर तर्री तरंगते, ती चमच्याने बाजूला सारून खालचा पातळ रस्सा आधी चाखा. नाशिकच्या काळ्या रश्श्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि भाजलेला कांदा जाणवला पाहिजे, तिखट नंतर हळूहळू घशात चढतं. पहिल्याच घासाला नुसती मिरची पावडर लागली तर तो रस्सा फक्त रंगाचा, मसाल्याचा नाही. आणि पाव! पाव ताजा नसेल तर चांगला रस्साही वाया जातो, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

अजून एक, बऱ्याच ठिकाणी रस्सा हवा तेवढा वाढतात पण सगळीकडे नाही, आणि एक्स्ट्रा पावाचे पैसे वेगळे असतात, ते आधीच विचारून घ्या म्हणजे बिलाच्या वेळी तोंड वाकडं होत नाही.

कुठल्या भागात जायचं हे तुमच्यासोबत कोण आहे त्यावर ठरवा. मुलं असतील, मोकळी जागा हवी असेल तर गंगापूर रोडची बाजू बरी, बारदान फाट्याजवळची साधनाची चुलीवरची मिसळ सगळ्यांना माहितीच आहे, तिथे पोरं खेळतात आणि मोठ्यांना निवांत बसता येतं, पण गर्दीही तेवढीच, म्हणून साडेआठच्या आत पोचा. पावसाळ्यात तर त्या रस्त्याला सोमेश्वरच्या धबधब्याला आणि गंगापूर धरणाकडे जाणारी सगळी गर्दी मिळते, दहानंतर गाडी हलत नाही. जुनी चव हवी असेल तर गावात जा. भगवंतराव आहे, नदीपलीकडे पंचवटीत अंबिका आहे, पण तिथे गाडी लावायला जागा शोधत बसू नका, लांबच लावून चालत नाहीतर रिक्षाने जा. सातपूरची शामसुंदर कामगारांनी मोठी केलेली मिसळ आहे असं आमचे शेजारी सांगतात, ते स्वतः एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला होते. कॉलेज रोडला तुषार आहे, तरुण मुलांची गर्दी, पटकन खाऊन निघायचं असेल तर सोयीची.

मला विचाराल तर ही नावं फक्त सुरुवातीला. एकदा दोनदा तिथे खाल्लं की जीभेला कळतं आपल्याला काय हवंय, मग स्वतःच्या गल्लीतलं शोधा. रिक्षावाल्या दादांना विचारा, पण "चांगली मिसळ कुठे मिळते" असं नाही, कारण मग ते पाहुण्यांना सांगायचं नाव सांगतात. "दादा, तुम्ही स्वतः सकाळी कुठे खाता?" असं विचारा, उत्तर एकदम वेगळं येतं. मला माझी सिडकोतली आवडती जागा अशीच मिळाली.

घरात कोणाचा उपास आहे का तेही आदल्या रात्रीच बघा, एकादशी नाहीतर चतुर्थी रविवारी आली की अर्ध्या लोकांना साबुदाणा लागतो, मग सायंतारा या दुकानाचा साबुदाणा वडा आठवतो, फक्त दुकानाची वेळ आधी बघून घ्या. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण नसलेला रस्सा मिळतो का हे फोन करून विचारा, ऐनवेळी बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. म्हाताऱ्या माणसांसाठी पायऱ्या किती, पाठ टेकायला खुर्ची आहे का हे फोटोत दिसतं, जेवणाचे फोटो सोडून लोकांनी टाकलेले बाकीचे फोटो बघायचे.

आणि पहिल्यांदा जाताय तर चार जणांत दोनच मिसळ मागवा, एक दही सोबत घ्या. आवडली तर परत मागवता येते, पाचच मिनिटं लागतात. दुपारी दोन-तीनला बरीच दुकानं आवरायला घेतात, म्हणून बारानंतर निघणार असाल तर आधी फोन करून रस्सा शिल्लक आहे का ते विचाराच.