त्याच मूत्रपिंडात पुन्हा गाठ आली तर

दादाच्या उरलेल्या एकाच मूत्रपिंडात पुन्हा गाठ दिसली, तेव्हा कोथरूडहून निघताना मी पिशवीत आधी जुनी ऑपरेशन नोट, म्हणजे मागच्या शस्त्रक्रियेची सर्जननी लिहिलेली नोंद, घातली. तुम्हीही तेच करा. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. मागच्या वेळी गाठ काढताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा किती वेळ थांबवला होता, हे नोटमध्येच सापडतं. सोबत गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट, सीटीची सीडी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारी रक्ततपासणी).

सर्जनना थेट विचारा: मूत्रपिंड वाचवून त्यातली फक्त गाठ काढायची अशी दुसऱ्यांदाची शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केली आहे का? पहिल्या शस्त्रक्रियेमुळे आतलं सगळं चिकटलेलं असतं, म्हणून रक्तस्रावाचा आणि लघवी गळण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंड काढावंच लागलं तर डायलिसिस, हेही आधीच बोलून घ्या.

व्हीएचएलसारख्या (व्हॉन हिपेल-लिंडाऊ) आनुवंशिक आजारात, ज्यात मूत्रपिंडात पुन्हा पुन्हा गाठी येतात, शस्त्रक्रियेसाठी सहसा सर्वांत मोठी गाठ ३ सेंटीमीटर होईपर्यंत थांबतात. भावंडांचीही तपासणी करा. मी माझी करून घेतली.