एआय रिसेप्शनिस्ट घेताय? सोलापूरकर व्यावसायिकांनो, या चुका टाळा

दुकानाचे, दवाखान्याचे फोन उचलून बोलणारं यंत्र, म्हणजे एआय रिसेप्शनिस्ट, विकायला आलेला माणूस लॅपटॉप उघडतो, हेडफोन हातात देतो आणि एक गोड आवाज छापील मराठीत अपॉइंटमेंट घेऊन दाखवतो. तिथंच होकार देऊन टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साध्या फोन लाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ कापलाच जातो. ‘स’ आणि ‘फ’सारखे उच्चार एकमेकांत मिसळतात. हेडफोनवर हुशार वाटलेलं यंत्र फोनवर ‘माफ करा, पुन्हा सांगता का’ करत बसतं. आठवडाभर आपल्याच लाइनवर चाचणी मागा. देत नसतील तर दुसरा बघा.

चाचणीचे फोन ऑफिसातल्या पोरांना करायला लावू नका, ती यंत्राला समजेल असंच बोलतात. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एखाद्या आजींना बोलू द्या, वाक्य तेलुगूत सुरू करून मराठीत संपवणाऱ्या. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा पेशंट, ‘डॉक्टर बसलेत का? येलालो’ म्हणणारा पोरगा, हेच तुमचे खरे कॉलर. ‘मराठी, तेलुगू, कन्नड सगळं चालतं’ हे माहितीपत्रकात असतंच. प्रश्न वेगळा विचारायचा: एकाच कॉलमध्ये भाषा बदलली तर चालतं का? काही ठिकाणी कॉलच्या सुरुवातीलाच एक भाषा पक्की होते, मग पुढची तेलुगू वाक्यं मराठी समजून काहीबाही लिहिली जातात.

आकड्यांचा घोळ

टॉवेलच्या व्यापाऱ्याला फोन येतो: ‘सव्वाशे नॅपकिन, अडीच डझन टर्किश, पावणेपाचला माणूस पाठवतो.’ यंत्रानं नोंदीत काय लिहिलं ते उघडून बघा. सव्वाशेचे शंभर झाले, पावणेपाचचे पाच झाले, तर माल आणि वेळ दोन्ही चुकणार. उलट बाजूनंही हेच. तुम्ही यंत्राला दिलेल्या माहितीत १०:३० लिहिलंत की यंत्र ‘दहा तीस’ म्हणतं, १२५० चे हिंदी ‘बारा सौ पचास’ करतं. उपाय सोपा आहे. वेळ आणि भाव अक्षरांत लिहायचे: साडेदहा, साडेबाराशे. आणि ऑर्डर घेतल्यावर आकडा परत म्हणून ‘बरोबर ना?’ विचारलंच पाहिजे, असं सूचनेत घालायचं.

‘हॅलो, हॅलो’ का होतं?

माणसं एकमेकांशी बोलताना उत्तर साधारण २०० मिलिसेकंदांत येतं. बहुतेक यंत्रांना आवाजाचं लिखाण, उत्तराचा विचार आणि पुन्हा आवाज अशा तीन पायऱ्या चढायच्या असतात, त्यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात समोरचा ‘हॅलो?’ म्हणतो. यंत्राला वाटतं मधे बोलतायत, ते थांबतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. यंत्रमागाच्या शेडमधून फोन आला तर मागची खटखटसुद्धा ‘मधे बोलणं’ धरली जाते. सेटिंगमध्ये मधे बोलण्याची संवेदनशीलता कमी करा. म्हातारी माणसं वाक्याच्या मधे थांबतात, त्यांच्यासाठी शांततेची मुदत थोडी वाढवा. पण ती वाढवली की उत्तर आणखी उशिरा येतं, म्हणून दोन्हींचा मेळ आपल्या गिऱ्हाइकांवर तपासूनच घालावा लागतो. ही दोन्ही बटणं मालकाच्या हातात न देणारी कंपनी मी तरी घेणार नाही.

दर ऐकताना मिनिटाचा भाव ऐकू येतो, महिन्याचा नाही. समजा रोज ४० फोन, प्रत्येकी तीन मिनिटं, महिन्याला २६ दिवस: ३,१२० मिनिटं. मिनिटाला ६ रुपये धरले तर १८,७२० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२ हजारांच्या पुढे. एवढ्यात माणूस ठेवता येतो का, याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं. मला विचाराल तर दिवसा माणूस आणि दुकान बंद झाल्यावर यंत्र, हा हिशोब बहुतेकांना परवडतो.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत वेळा बदलतात, तेव्हा ती माहिती कोण बदलणार हे आधी ठरवा. माहिती नसली की यंत्र गप्प बसत नाही, ठोकून देतं. ‘माहीत नसेल तर नाव-नंबर घे, भाव सांगू नकोस’ ही सूचना अगदी वर हवी. कॉल रेकॉर्ड होत असेल तर ते सुरुवातीलाच सांगायला लावा.

फोन फिरतच राहतो

जुन्या माहितीपत्रकांत *४०१# डायल करून कॉल यंत्राकडे वळवा असं लिहिलेलं असतं. यूएसएसडीवरून, म्हणजे असे कोड डायल करून, कॉल वळवण्याची सोय फसवणुकीमुळे दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला लावली. त्यामुळे तुमच्या सिमवर कॉल कसा वळवायचा, ते मोबाइल कंपनीलाच विचारा. ‘उचलला नाही तरच’ वळव, असं ठेवा. मग एक गंमत होते: पेशंट ‘माणसाशी बोलायचंय’ म्हणतो, यंत्र कॉल परत त्याच नंबरवर टाकतं, तो कुणी उचलत नाही, पुन्हा यंत्राकडे येतो. म्हणून माणसाकडे जाणारा नंबर वेगळा, न वळवलेला हवा.

आणि पिशवीवर, बोर्डवर छापलेला नंबर आपलाच राहू द्या. कंपनीनं दिलेला नंबर तिच्या नावावर असेल, तर करार मोडल्यावर तो तिच्याकडेच राहतो, आणि नवी पेठेतलं गिऱ्हाईक त्याच नंबरवर फोन लावत बसतं.