बारीक वेण्या घालायला पार्लरमध्ये जाताय? या चुका टाळा

मे महिन्यात मुंबईच्या पोरी बारीक वेण्या मिरवत गावी आल्या की इथल्या पोरींनाही त्या हव्या होतात. चिपळूण असो की कणकवली, कुठेही विचारा, उत्तर एकच: 'हो, करून देऊ.' फसगत तिथेच होते. नवरीचा खोपा झकास घालणाऱ्या ताईंना कॉर्नरोज, म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या या बारीक वेण्या, जमतीलच असं नाही.

त्यामुळे फोटो मागा, पण ताज्या वेण्यांचे नकोत. पहिल्या दिवशी सगळ्याच छान दिसतात. दोन-तीन आठवडे जुन्या वेण्यांचा फोटो मागा आणि कपाळाजवळचे, कानशिलावरचे केस बघा. तिथले तुटलेले किंवा विरळ दिसले तर दुसरं पार्लर शोधा. भावात वरून जोडायचे केस धरलेत का, हेही आधीच विचारा. बिल तिथेच फुगतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आदल्या रात्री खोबरेल चोपडणं. एरवी खुशाल लावा, पण आपले सरळ केस मुळातच गुळगुळीत, त्यात तेल म्हटल्यावर बोटात पकड येत नाही, की पार्लरवाली आणखी आवळते. दुसरी चूक, सकाळी न्हाऊन ओल्या केसांनीच गाडीवर बसणं. ओला केस ताणला जातो आणि वाळताना आखडतो, म्हणजे वेणी घरी पोचल्यावर आणखी घट्ट. इथल्या दमट हवेत लांब केस वाळायला वेळ लागतो. तेव्हा आदल्या दिवशी न्हा, केस पूर्ण वाळवा, गुंता काढा. आणि हो, उवा-लिखा तपासून जा. खुर्चीत बसल्यावर सापडल्या तर दोघींची पंचाईत.

पूर्ण डोक्याला चार ते आठ तास सहज जातात. शेवटची एसटी गाठायची असेल तर सकाळचीच वेळ घ्या. नीट जेवून जा.

मान हलवताना टाळू ओढला जात असेल, कडेला पांढऱ्या पुटकुळ्या आल्या असतील, तर 'दोन दिवसांत सैल होईल' यावर विसंबू नका. त्या वेण्या लगेच सोडवा. सतत ओढ बसत राहिली तर मुळं कायमची जाऊ शकतात. नुसती खाज असेल तर बहुधा जोडलेल्या सिंथेटिक केसांवरचा लेप बाधतोय. ते केस आधीच विकत घेतलेत तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, वाळवून न्या.

तारकर्लीला स्कुबा करायचं ठरलं असेल तर पार्लरमध्ये तसं सांगा. मास्कच्या रबराखाली केस आले की पाणी आत शिरतं, म्हणून कपाळावर बटा मोकळ्या सोडू नका. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने टाळू धुवा आणि वेण्या मुळापर्यंत वाळवा. भर पावसाळ्यात हेच जमत नाही, वेण्यांना कुबट वास मारतो. गणपतीत वेण्या हव्याच असतील तर दाट नकोत, थोड्या आणि सैल घाला.

सहा ते आठ आठवड्यांत सोडवा. तेव्हा हातात केसांचा पुंजका येईल आणि घरात आरडाओरडा होईल. रोज 50 ते 100 केस गळतातच, ते इतके दिवस वेणीत अडकून राहिलेले असतात. मुळाशी टक्कल दिसलं तर मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पार्लरकडे नको.