लष्करी रसदेचं आरएफआयडी ट्रॅकिंग: या चुका टाळा

खेप हरवली की पहिला आळ येतो तो टॅगवर, म्हणजे मालाला लावलेल्या आणि रेडिओ लहरींवर आपली ओळख सांगणाऱ्या छोट्या उपकरणावर (आरएफआयडी ती हीच). टॅग वाचला गेला नाही, रेंज कमी पडली, मोठा अँटेना मागवा, अशी धावपळ सुरू होते. टॅग प्रत्यक्ष हातात घेऊन वाचला तर तो ठणठणीत निघतो. चुकलेली असते ती त्यात भरलेली यादी: दोन थांब्यांपूर्वीची, किंवा भलत्याच कंटेनरची. रेडिओचा दोष असतोही, पण नोंदीच्या दोषाच्या मानाने कितीतरी कमी वेळा.

दोन जातींची गल्लत आधी मिटवू. सक्रिय टॅग बॅटरीवर चालतो, ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो, मोकळ्या जागेत शंभरेक मीटरवरून ऐकू येतो आणि त्याच्या स्मृतीत मालाची यादी मावते. हा कंटेनरसाठी आणि विमानात चढणाऱ्या पॅलेटसाठी (माल रचून बांधायच्या फळीसाठी). निष्क्रिय टॅगला बॅटरी नसते. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रीडरच्याच (टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या) ऊर्जेवर तो काही मीटरांपर्यंत उत्तर देतो आणि त्यात बहुधा फक्त एक क्रमांक असतो. हा खोक्यांसाठी. स्वस्त पडतो म्हणून कंटेनरला निष्क्रिय लेबल चिकटवून महामार्गावरच्या रीडरकडून अपेक्षा धरणारे अजूनही भेटतात.

टॅग लावला, यादी लिहिली नाही

ही सगळ्यात महागडी चूक, आणि तिचा इतिहास लांबचा आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले. आत काय आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यातले निम्म्याहून जास्त बंदरावरच उघडून पाहावे लागले. माल मिळतोय की नाही याचा भरवसा नसल्याने तुकड्यांनी तीच मागणी पुन्हा पुन्हा नोंदवली आणि ढीग आणखी वाढला. सक्रिय टॅगचा आग्रह धरला गेला तो या अनुभवातून.

मग २००३ साली इराक. या वेळी टॅग होते. मध्य आशिया आणि पश्चिम आशियाची जबाबदारी असलेल्या सेंट्रल कमांडने शक्य तिथे टॅग लावण्याचा आदेशही आधीच काढला होता. तरीही त्या वर्षअखेरीस अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जे लिहिलं ते वाचण्यासारखं आहे. टॅगमधली माहिती अपुरी असल्याने कर्मचाऱ्यांना कंटेनर उघडून माल निवडत बसावं लागलं. पाठवलेला माल आणि मिळाल्याची पोच यांच्यात १.२ अब्ज डॉलरची तफावत निघाली. वितरण केंद्रांवर शेकडो पॅलेट आणि कंटेनर पडून राहिले.

मिश्र पॅलेटचा भाग तर नवशिक्यांनी पाठच करावा. डेपोत जागा वाचावी म्हणून एकाच पॅलेटवर चार-पाच तुकड्यांचा माल रचायचा. पॅलेटला टॅग एक आणि पत्ता एक, तोही वितरण केंद्राचा. कुवेतला पोचल्यावर पॅलेट फोडायचं, खोकी वेगळी करायची, पुन्हा बांधायची. टॅग वाटेत सगळीकडे छान वाचला गेला, पण ज्या तुकडीला सुटा भाग हवा होता तिच्या दृष्टीने नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. शेवटी एका पॅलेटवर एकाच तुकडीचा माल रचण्याची पद्धत आणावी लागली. इथे तंत्रज्ञान बदललं नाही, फक्त रचणं बदललं.

यावरच्या उपायात शास्त्र कमी आणि सवय जास्त:

टॅग बर्न करायचा, म्हणजे त्यात यादी लिहायची, ती दाराला सील लागल्यावर. आधी बर्न केलेल्या टॅगनंतर हमखास कोणीतरी दोन खोकी आत टाकतं किंवा बाहेर काढतं. सील लावणारा आणि बर्न करणारा माणूस एकच असावा. दोघे असले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने तपासलंय.

बर्न झाल्यावर टॅग कंटेनरला लावायचा, दहा पावलं मागे जायचं आणि हँडहेल्डने (हातात धरायच्या रीडरने) तो परत वाचायचा. टॅग क्रमांक, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक हे तिन्ही मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष कंटेनरवर बघून होकार द्यायचा. हे पोरकट वाटतं. पण टेबलावर आठ टॅग ओळीने बर्न करून नंतर ते ‘लावत सुटणं’ हा जो शॉर्टकट आहे, त्यातूनच टॅगांची अदलाबदल होते, आणि ती थेट मुक्कामी दार उघडेपर्यंत कळत नाही.

वर्णनाच्या रकान्यात ‘मिश्र माल’, ‘सुटे भाग’, ‘इतर’ हे शब्द चालू देऊ नका. साठा क्रमांक, नग आणि कोणत्या तुकडीचा माल, इतकं प्रत्येक ओळीत हवंच. वाटेत कंटेनर उघडून एक खोकं जरी काढलं तरी टॅग पुन्हा बर्न करायचा. ‘पुढच्या तळावर करू’ म्हणालात की पुढच्या तळावर ते कोणी करत नाही.

भुतं

माल उतरला, कंटेनर रिकामा झाला, टॅग तसाच जिवंत. हा रिकामा कंटेनर परतीच्या वाटेवर प्रत्येक रीडरला सांगत जातो की माझ्यात औषधं आहेत. सर्व्हरवर (सगळ्या रीडरांच्या नोंदी जिथे जमा होतात त्या संगणकावर) ती औषधं मग उलट्या दिशेने प्रवास करताना दिसतात. माल उतरवण्याच्या कामातच टॅग पुसणं धरलेलं असावं: नोंद बंद, स्मृती कोरी, बॅटरी बाहेर, टॅग परतीच्या पेटीत. टॅग परत न आल्याने नवे मागवत राहणारे लोक खर्चाबद्दल कुरकुर करतात, तेव्हा त्यांच्या अंगणातले रिकामे कंटेनर मोजून बघावेत.

फाटकावरचं वाचन: रेंज वाढवली की प्रश्न सुटतो, हा गैरसमज

झोपलेल्या सक्रिय टॅगला आधी जागं करावं लागतं. त्यासाठी रीडर दोन-तीन सेकंद जागवणारा संकेत पाठवतो. मग टॅग आपापल्या फेरीत उत्तर देतात. दोघांची उत्तरं एकमेकांवर आदळली तर पुन्हा फेरी. आता गणित करा. रीडर दोन्ही बाजूंना ६० मीटर पोचतो असं धरलं तर गाडीला १२० मीटरचा पट्टा मिळतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तो जेमतेम ११ सेकंदांत पार करते. जागवण्याचा संकेत गाडी पट्ट्यात शिरण्याआधी अर्धवट झाला असेल तर पुढचा येईपर्यंत थांबा. क्रमांक मिळायला एवढा वेळ पुरतो, पण निसटताच.

आणि इथे काही उत्साही मंडळी फाटकावरच पूर्ण यादी वाचायची सेटिंग करून ठेवतात. या टॅगांचा वेग सेकंदाला सुमारे २७.७ किलोबिट. १२८ किलोबाइट स्मृती भरलेली असेल तर नुसते बिट मोजले तरी ३८ सेकंद लागतात. ते ११ सेकंदांत कसे बसणार? फाटकावर फक्त क्रमांक घ्या आणि यादी सर्व्हरवरून ओढा. टॅगमधली यादी वाचायची ती गाडी उभी असताना, जिथे नेटवर्क नाही तिथे.

वाचन निसटलं की पहिला हात ताकद वाढवण्याकडे जातो. ताकद वाढली की शेजारच्या मैदानात उभे असलेले कंटेनरही ऐकू यायला लागतात आणि ते सगळे ‘फाटकातून गेले’ अशी नोंद होते. शंभर मीटरवरून ऐकू आलेला टॅग म्हणजे शंभर मीटरच्या घेरात कुठेतरी असलेला टॅग, यापलीकडे रीडरला काही कळत नाही. आमच्या मते योग्य क्रम उलटा आहे: आधी गाडीचा वेग कमी करा. गतिरोधक आणि ‘दहा सेकंद थांबा’ची पाटी यांनी जे काम होतं ते महागड्या अँटेनाने होत नाही. मग अँटेनाचं तोंड मैदानाकडून रस्त्याकडे वळवा. मग गरज असेल तर ताकद कमी करा. दिशा कळायला हवी असेल तर पुरेशा अंतरावर दोन रीडर ठेवा आणि कोणाला आधी ऐकू आलं ते बघा.

याच्याच पोटातली आणखी एक गोष्ट. रीडर दोन दिवस गप्प आहे. गाड्या आल्या नाहीत की रीडर मेला? सर्व्हरवर दोन्ही सारखंच दिसतं. प्रत्येक रीडरजवळ, वीसेक मीटरवर, एक टॅग खांबाला कायमचा बांधून ठेवा. तो दर तासाला दिसलाच पाहिजे. दिसला नाही की जनरेटर, केबल किंवा उपग्रह जोडणी यांपैकी काहीतरी गेलं आहे. एका टॅगच्या किमतीत इतकी शांत झोप दुसरीकडे मिळत नाही, तरी हा टॅग ‘वाया जातो’ म्हणून काढून नेणारे हिशेबनीस आहेतच.

बॅटरी

लिथियम थायोनिल क्लोराइडच्या ३.६ व्होल्टच्या सेलचं व्होल्टेज अखेरपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे मीटर लावून ‘अजून ३.६ दाखवतोय, चालेल’ म्हणणं म्हणजे अंदाजपंचे. सेल तारखेने बदला. टाकल्याची तारीख टॅगवरच न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या टॅगमध्ये अर्धी वापरलेली बॅटरी घालू नका.

महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या सेलमध्ये लिथियमवर पातळ थर धरतो. पहिल्यांदा प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि टॅग मुका राहतो. थंडीत हे जास्तच. म्हणून पहिल्या हाकेला न बोललेला टॅग भंगारात टाकू नका. दोन-तीनदा जागवा, मग ठरवा.

बॅटरी अकाली संपत असेल तर टॅगला दोष देण्याआधी रीडर किती वेळा हाका मारतोय ते बघा. साठवण मैदानाशेजारचा रीडर दर मिनिटाला सगळ्यांना उठवत असेल तर बिचारे टॅग झोपणार कधी? मैदानावर दर काही तासांनी एक फेरी पुरते.

निष्क्रिय लेबलं: धातू, पाणी आणि घाई

साधं लेबल धातूवर सपाट चिकटवलं की अँटेनाचा सूर बिघडतो आणि टॅग मेल्यासारखा वागतो. धातूसाठी बनवलेला जाड टॅग वापरा, किंवा अर्धं लेबल चिकटवून अर्धं झेंड्यासारखं बाहेर उभं ठेवा. ओलावा रोखणाऱ्या पिशव्यांत ॲल्युमिनियमचा थर असतो, तेव्हा लेबल पिशवीच्या आत घालून वाट बघू नका. पाणी या लहरी शोषून घेतं: पिण्याच्या बाटल्या, सलाइन, पातळ पदार्थांची पाकिटं असलेल्या पॅलेटमधली मधली खोकी वाचली जाणारच नाहीत, तिथे पॅलेटच्या बाहेरच्या बाजूला लेबल हवं. इंधनाच्या पिंपाला मात्र इंधन फारसं आड येत नाही, आड येतो तो पिंपाचा पत्रा.

तपासणीची पद्धतही लक्षात ठेवा. पूर्ण ताकदीवर ‘वाचलं’ म्हणजे काही सिद्ध होत नाही. रीडरची ताकद पायरीपायरीने उतरवत न्या आणि वाचन कुठे तुटतं ते टिपा. पूर्ण ताकदीपेक्षा जरा खाली आल्यावरच तुटत असेल तर पावसाने भिजलेल्या गुंडाळीत ते खोकं हमखास गायब होणार.

क्रमांकांची पुनरावृत्ती ही पुरवठादारांची खासियत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ९६ बिटांच्या रचनेत ८ बिट शीर्षाला (रचना कोणती ते सांगायला), ४ गाळणीला (खोकं की पॅलेट ते सांगायला), ४८ पुरवठादाराच्या संकेताला आणि ३६ अनुक्रमांकाला आहेत. ३६ बिटांत ६८ अब्जांहून जास्त क्रमांक मावतात, तरी दोन छपाई यंत्रं एकापासूनच सुरुवात करतात. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पल्ला बांधून द्या. आणि मुभा असेल तिथे प्रवेशाचा सांकेतिक शब्द बदला; कारखान्यातून तो शून्यच येतो.

दारूगोळा

इथे लांबण लावत नाही. विजेवर पेटणाऱ्या उद्दीपकांना (स्फोटाची सुरुवात करून देणाऱ्या भागांना) रेडिओ लहरींचा धोका असतो. त्या त्या दारूगोळ्यासाठी मान्य झालेलं उपकरण आणि ठरवून दिलेलं किमान अंतर, यात घासाघीस नाही. जवळचा स्थिर रीडर बंद केला म्हणून निर्धास्त होऊन हातात हँडहेल्ड घेऊन पेटीपाशी जाणं ही तीच चूक. टॅगही उत्तर देताना प्रसारण करतो, म्हणून परवानगी टॅगलाही लागते. मान्यता नसेल तर बारकोड वापरा.

एकेका ओळीच्या चुका

रीडरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवणं: जागतिक प्रमाणवेळ ठेवा, नाहीतर माल निघण्याआधीच पोचतो.

उपग्रहावरून उशिरा आलेल्या नोंदी आल्याच्या वेळेने लावणं: क्रम लावायचा तो वाचल्याच्या वेळेने.

दुसऱ्या प्रदेशातला निष्क्रिय रीडर तसाच चालवणं: अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६५ च्या आसपास, परवानगीचा पट्टा बदलतो.

टॅग दोन कंटेनरांच्या फटीत जाईल असा लावणं: कंटेनर दाराला दार लावून रचले की तो ऐकू येत नाही.

शत्रूच्या टापूतून जाणाऱ्या टॅगमध्ये पूर्ण यादी उघडी ठेवणं: जुळणारा रीडर ज्याच्याकडे आहे त्याला ती वाचता येते. तिथे फक्त क्रमांक ठेवा, यादी सर्व्हरवर. नेटवर्क नसलेल्या तळावर मग आतला माल कळणार नाही, हा तोटा आधी मान्य करून निघा.

टॅग आहे म्हणून कागद बंद करणं: छापील यादी आणि द्विमितीय बारकोड असलेलं लेबल कंटेनरच्या बाहेर आणि दाराच्या आतल्या बाजूलाही, जलरोधक पाकिटात.